संस्थेला वस्तू पुष्कळ मिळतात, माणसांच्या पगाराचं काय?

जमाखर्च

तालुक्याच्या गावात लहान नोंदणीकृत संस्थांचे हिशेब लिहिण्याचं काम मी करते. सार्वजनिक वाचनालय, विशेष मुलांची शाळा, रुग्णसाहित्य केंद्र, एक-दोन महिला मंडळं. मार्च संपला की सगळ्यांच्या वह्या आणि पावतीपुस्तकं माझ्या टेबलावर येतात, आणि दर वर्षी त्यांत तेच दिसतं. वस्तुरूप देणगीची यादी पानभर असते आणि 'मानधन' या खात्यापुढे लिहिलेला आकडा बघवत नाही.

रुग्णसाहित्य केंद्राचंच सांगते. महाराष्ट्रात गावोगावी अशी केंद्रं आहेत. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की अनामत भरून वॉटरबेड, डोक्याकडून उचलता येणारा फाउलर बेड, कमोडची खुर्ची, वॉकर नाममात्र भाड्यानं मिळतो. मध्यमवर्गीय घरांनाही याचा केवढा आधार असतो, ते गरज पडल्याशिवाय कळत नाही. आमच्या केंद्राला वडिलांच्या, आईच्या स्मरणार्थ व्हीलचेअर देणारे दर वर्षी भेटतात. खुर्चीवर नाव रंगवून मिळतं, फोटो निघतो. पण रात्री दार उघडून बेड काढून देणारी, परत आलेली गादी धुऊन वाळवणारी, वॉकरचे रबरी बूट बदलणारी, भाडं थकवणाऱ्याला न दुखावता फोन करणारी एकच बाई तिथे आहे. तिला कापडाच्या दुकानातल्या मुलीपेक्षा कमी पैसे मिळतात. पाय ठेवायची पट्टी तुटलेल्या खुर्च्या मागच्या खोलीत पडून आहेत. दुरुस्तीला पैसे नाहीत आणि नव्या खुर्च्या मात्र येतच असतात.

देणगीदारांशी बोलायला गेलं की उत्तर ठरलेलं: "माझा पैसा थेट गरजूपर्यंत जाऊ दे, पगारात नको." माझं म्हणणं असं की ती बाई गेली तर केंद्राला कुलूप लागेल, आणि मग त्या सगळ्या खुर्च्या असून नसून सारख्याच. विशेष मुलांच्या शाळेत मुलाला बोलतं करतात ते तिथले शिक्षक आणि वाचा-उपचार तज्ज्ञ. भिंतीवरचा नवा रंग आणि भेट आलेले टॅब काही त्याला बोलायला शिकवत नाहीत. या कामात माणूस टिकला तरच काम टिकतं.

आपल्याकडे हे पूर्वी नीट समजलेलं होतं. फर्ग्युसनमध्ये गोखले वीस वर्षांच्या बांधिलकीनं दरमहा ७५ रुपयांवर शिकवत राहिले. तो पगार तुटपुंजाच होता, पण ठरलेला होता आणि संस्थेची जबाबदारी होता. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हाही सभासदांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या निर्वाहाची तजवीज संस्थेकडे ठेवली. हिंगण्याच्या कामाला आयुष्य देणारी माणसं हवीत म्हणून कर्व्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ स्थापन केला. त्यागाची भाषा बोलणाऱ्या त्या पिढीनंही कार्यकर्त्याची चूल कशी पेटेल हा विचार आधी केला होता. आपण त्यांचा त्याग तेवढा लक्षात ठेवला.

तुमच्या भागातल्या संस्थांचा अनुभव काय? त्यांना खरी गरज कशाची आहे, आणि तुम्ही काय देता? मोकळेपणानं लिहा.

माळरान

शंभर टक्के अनुमोदन. आमच्या गावचं वाचनालय 'ड', म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अ, ब, क, ड अशा वर्गांची हजारो वाचनालयं उभी राहिली आणि शासनाचं अनुदान सुरू झालं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण 'ड' वर्गाच्या अनुदानात ग्रंथपालाचा संसार चालत नाही. आमचे ग्रंथपाल सकाळी शेतावर जातात आणि संध्याकाळी वाचनालय उघडतात. स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर बसायला जागा मागतात, ती देता येत नाही, कारण दिवसा बसणार कोण?

लोक देतात काय, तर घर आवरताना निघालेली जुनी मासिकं आणि अभ्यासक्रम बदललेली गाईडं. पुस्तकं द्यायची तर आधी यादी विचारा, ही माझी कळकळीची विनंती.

कोरा कागद

धागा चांगला आहे, पण माझं मत थोडं वेगळं. आमच्या शहरात एका ट्रस्टमध्ये अध्यक्षांची सून व्यवस्थापक, मुलगा सल्लागार आणि गाडी ट्रस्टच्या नावावर. वर्षानुवर्षं हेच बघितल्यावर "पगारासाठी द्या" म्हटलं की हात मागे येतो. व्हीलचेअर दिली तर ती निदान डोळ्यांना दिसते. सामान्य माणसानं विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? जमाखर्च, तुम्ही वह्या बघता, तर तुम्हीच सांगा.

जमाखर्च

कोरा कागद, प्रश्न रास्त आहे. असे ट्रस्ट मीही पाहिलेत, आणि त्यांच्यामुळे चांगल्या संस्थांना किती ऐकून घ्यावं लागतं तेही बघते.

संस्थेत गेल्यावर मी विचारते ते असं. एक, विश्वस्तांची नावं आणि त्यांची आपसांतली नाती. सार्वजनिक ट्रस्टची नोंद धर्मादाय कार्यालयात असते. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. दिवंगत विश्वस्तांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिली असतील तर कारभार ढिला आहे किंवा आत भांडण आहे असं समजा. दोन, लेखापरीक्षण अहवाल. प्रामाणिक संस्था तो दाखवायला कांकू करत नाही. त्यात पगाराचा एकूण आकडा बघून थांबू नका. पगार कुणाला मिळतो आणि तो माणूस काय काम करतो ते विचारा. तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी दुपारी न कळवता जा. काम चालू असेल तर दिसतंच. बालगृह असेल तर मात्र आधी विचारून जा, तिथे न कळवता जाणं बरं नव्हे.

आयकर सवलतीच्या ८०जी प्रमाणपत्राबद्दलही लिहिते, कारण बरेच जण तेवढंच बघतात. त्या प्रमाणपत्रानं देणगीदाराला करसवलत मिळते, काम चांगलं असल्याची हमी मिळत नाही. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही. नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. संस्थेनं तुमच्या देणगीची माहिती आयकर खात्याला कळवून त्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १०बीई, दिलं पाहिजे, नुसती छापील पावती पुरत नाही. आणि हे सगळे कागद वेळेत करायलाही संस्थेत पगारी माणूस लागतो.

वैनगंगाकाठ

गडचिरोलीचा असल्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं नवजात बाळांचं जे काम केलं, ते साऱ्या जगाला माहीत आहे. पण ते नेमकं कशावर उभं होतं हे या धाग्याच्या दृष्टीनं बघण्यासारखं आहे.

मोठं रुग्णालय नाही, महागडी यंत्रं नाहीत. ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणं. हे सगळं त्या घरी जाऊन करायच्या, आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळायचा. काम सुरू होण्याआधी, १९९३-९५ मध्ये, हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती, १९९७-९८ मध्ये तो आकडा २५ च्या आसपास आला. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. पुढे सरकारनं ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेली.

तिथे देणगीच्या पैशातून वजनकाटे आणि उबदार पिशव्या आल्या असतीलच. पण पिशवी आपल्या पायांनी चालत बाळापर्यंत जात नाही. गावातली जेमतेम शिकलेली बाई शिकून, मोबदला घेऊन, जबाबदारीनं हे काम करते म्हणून बाळ वाचतं.

आणि याच कामाचं सरकारी रूप बघा. नवजात बाळासाठी घरी सहा-सात भेटी दिल्या की आशाताईला २५० रुपये. याला आपण मोबदला म्हणायचं? मला राग येतो या आकड्याचा.

पारिजातक

मी बालगृहात काम करते. कोणत्या ते लिहीत नाही.

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि बड्या माणसांचे वाढदिवस. या दिवशी आमच्याकडे जेवण देऊ इच्छिणाऱ्यांचे इतके फोन येतात की नाही म्हणताना अवघडायला होतं. एका दिवसात दोन-दोन ठिकाणचे गुलाबजाम. मुलांची पोटं बिघडतात, रात्री आम्ही जागतो. जूनमध्ये शाळा सुरू होताना, पावसाळ्यात मुलं तापानं फणफणलेली असताना, दहावीनंतर मुलीला कुठे घालायचं हा प्रश्न असताना फोन वाजत नाही.

दुसरं, फोटो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार संस्थेतल्या मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. तरी केक कापताना मुलांना भोवती उभं करून फोटो काढायचा आग्रह होतो. नाही म्हटलं की माणसं नाराज होतात, पुन्हा येत नाहीत. आमची मोठी मुलं सगळं समजून असतात. एक मुलगा कॉलेजात गेल्यावर मला म्हणाला, "ताई, माझा जुना फोटो अजून कुणाच्या तरी पानावर आहे." त्याच्या जागी आपलं मूल असतं तर?

आम्हाला गरज आहे समुपदेशकाची, रात्रपाळीच्या काळजीवाहकांची आणि अठरा वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या मुलांच्या खोलीभाड्याची. काळजीवाहक बाई वर्षभरात सोडून जाते, कारण बाहेर धुण्याभांड्यात जास्त मिळतं. मूल तिला चिकटलेलं असतं. आधीच एकदा घर सुटलेल्या मुलाला पुन्हा पुन्हा माणूस सुटण्याचं दुःख आपण देतोय, आणि ते थोड्याशा पैशात टाळता येण्याजोगं आहे.

माळरान

पारिजातक, वाचून गप्प झालो. दर वर्षी मुलीच्या वाढदिवसाला आम्ही जेवण देतो. यंदा तेच पैसे बारा महिन्यांत वाटून द्यायचं ठरवतोय. चालेल ना असं?

पारिजातक

चालेल काय, फार उपयोग होईल. रक्कम लहान असली तरी चालते. दर महिन्याला नक्की येणार हे कळलं की आम्हाला त्या भरवशावर माणूस नेमता येतो.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून लिहिते आहे. माझ्या माहेरच्या गावी मुलींचं एक लहान वसतिगृह आहे, तिथल्या अधीक्षिकेच्या पगारासाठी आम्हाला नियमित पैसे पाठवायचे आहेत. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, नवऱ्यानं अमेरिकन नागरिकत्व घेतलंय. संस्था म्हणते, "परदेशी पैसा आम्हाला घेता येत नाही." मग काहीच करता येणार नाही का?

कलम आणि शाई

अटलांटिकपार, करता येईल, पण कुणाचा पैसा यावर अवलंबून आहे. परदेशी अंशदान कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या दृष्टीनं, भारतीय नागरिकानं परदेशात राहून आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. म्हणजे तुम्ही तुमच्या एकटीच्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून देऊ शकता. सोबत पासपोर्टची प्रत द्या, संस्थेला ती दप्तरी ठेवावी लागेल. तुमच्या यजमानांचा पैसा मात्र परदेशी अंशदान ठरतो, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. संयुक्त खात्यातून पाठवू नका, त्यात संस्था अडचणीत येते.

त्याच दुरुस्तीत आणखी दोन बदल झाले, त्यांचा या धाग्याशी थेट संबंध आहे. पूर्वी नोंदणी असलेली मोठी संस्था मिळालेल्या निधीतला वाटा दुसऱ्या नोंदणीकृत लहान संस्थेला देऊ शकत असे. ते बंद झालं. आणि परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैसे खाणाऱ्यांना त्यानं किती आळा बसला असेल तो असो, पण गावातल्या संस्थेला हिशेबनीस ठेवणं जड झालं हे मी जवळून पाहिलं आहे.

जमाखर्च

कलम आणि शाई, धन्यवाद, इतकं स्वच्छ लिहिणारे कमी भेटतात. यात सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाचीही भर घालते. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. पैसा खूप आला, पण तो बहुतेक वेळा वर्षाच्या प्रकल्पापुरता असतो. मार्चमध्ये प्रकल्प संपला की नेमलेली माणसं घरी, आणि ऑगस्टमध्ये नवा करार झाला की पुन्हा शोधाशोध. प्रशासकीय खर्चावरची पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावर आहे. तरी काही कंपन्या तीच अट काम करणाऱ्या संस्थेवर लादतात. संस्थेनं हे नम्रपणे पण ठामपणे सांगायला हवं. लहान संस्था घाबरून सांगत नाहीत.

सदाशिवपेठी

पुण्यातून थोडा वेगळा मुद्दा. प्रत्येक ठिकाणी देणगीच लागते असं नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरा वेचकांची संघटना म्हणून काम करते, आणि तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. या बायका घरोघरचा कचरा घेतात, वेगळा करतात आणि घरटी महिन्याचं शुल्क घेतात. हा त्यांच्या श्रमाचा मोबदला आहे. तरी आमच्याच सोसायटीत ते शुल्क थकवणारी घरं आहेत, आणि तीच घरं दिवाळीला त्यांना साडी देतात! साडी द्याच, पण आधी महिन्याचे पैसे वेळेवर द्या, ओला-सुका कचरा वेगळा करा आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढा, म्हणजे त्यांचा हात त्यात जात नाही.

परळनाका

मुंबईत टाटा रुग्णालयाच्या आसपास राहणाऱ्यांना हे रोज दिसतं. बाहेरगावाहून आलेले पेशंट आणि नातेवाईक फुटपाथवर पथारी टाकून. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा संस्था नसत्या तर या लोकांचं काय झालं असतं, कल्पना करवत नाही. अन्नदानाच्या गाड्या पुष्कळ येतात, ते पुण्यच आहे. पण पेशंटच्या नातेवाइकाला भुकेइतकाच त्रास असतो तो गोंधळाचा. कोणता फॉर्म, कोणती खिडकी, कोणत्या योजनेत बसतो. ते समजावून सांगणारा माणूस हवा असतो.

उदाहरण देतो. महाराष्ट्रात धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार प्रत्येक बिलातले दोन टक्के त्यासाठीच्या वेगळ्या निधीत जातात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. किती जणांना हे माहीत असतं? तहसीलदाराचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाच्या खोलीत जा, एवढं सांगणारा एक जाणकार कार्यकर्ता एका कुटुंबाची जमीन विकण्यापासून वाचवू शकतो. त्याचा महिन्याचा पगार एका ऑपरेशनच्या बिलापेक्षा कितीतरी कमी असतो. तरी त्याच्या नावानं देणगी मागितली की मिळत नाही.

कोरा कागद

सगळं वाचलं. परळनाका आणि पारिजातक यांच्या प्रतिसादांनी विचार करायला लावलं. माझा संशय पूर्ण गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असंही वाटतं, कारण नातेवाइकांच्या पगारावर चालणारे ट्रस्ट खरे आहेत. पण संशय आहे म्हणून फक्त खुर्चीच देणार, हे काही बरोबर उत्तर नाही, एवढं पटलं. आमच्या भागात अंध मुलांची एक शाळा आहे. तिथे ब्रेल शिकवणाऱ्या शिक्षकांचं पद बराच काळ रिकामं आहे असं ऐकून होतो. साध्या दिवशी जाऊन अहवाल मागतो.

वैनगंगाकाठ

जाच. आणि एकट्यानं सगळा भार घ्यावा असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या बोर्डिंगातली मुलं मूठमूठ धान्यावर जगवली, घराघरांतून मुष्टिफंड गोळा केला. ज्यांच्या घरी देण्यासारखं फार नव्हतं अशी माणसं त्यात होती. दहा-बारा मित्रांनी मिळून दरमहा थोडे थोडे घातले तर एका शिक्षकाच्या पगाराचा बराच भाग निघतो.

माळरान

एक व्यावहारिक शंका. पैसे पाठवताना पत्रात काय लिहायचं? माझ्या काकांनी मोठी रक्कम दिली होती, संस्था म्हणते ती वापरता येत नाही.

जमाखर्च

काकांनी पत्रात 'कायम निधीसाठी' किंवा 'कॉर्पस' असं लिहिलं असणार. मग मूळ रक्कम ठेवीत राहते, संस्थेला फक्त व्याज वापरता येतं. मोठ्या संस्थेला ते चालतं. लहान संस्थेला पुढच्या महिन्याचा पगार द्यायचा असतो, तिला त्या ठेवीकडे बघत बसावं लागतं. 'अमुक वस्तूसाठी' असं लिहिलं तर त्याच वस्तूवर खर्च करावा लागतो. संस्थेवर विश्वास बसला असेल तर 'सर्वसाधारण निधी' लिहा. तेवढा बसला नसेल तर 'कर्मचारी मानधनासाठी' लिहा, आणि वर्षअखेरीला त्याचा खर्च किती झाला ते विचारा. बँकेला स्थायी सूचना देऊन ठेवा, तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली घ्या. पगार त्याच दिवसांत होतात. आणि देणं थांबवायचं असेल तर तीन-चार महिने आधी कळवा, म्हणजे त्यांना दुसरी सोय बघता येते.